तारीख आणि वार कोडमध्ये हाताळताना: शून्य म्हणजे सोमवार की रविवार?

मी एकदा एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली होती, दर सोमवारी सकाळी टीमला रिपोर्टचा मेल पाठवायचा, बास एवढंच काम. आधी ती जावास्क्रिप्टमध्ये होती, मग सगळंच पायथॉनमध्ये हलवायचं ठरलं तेव्हा ओळीला ओळ जुळवत उतरवून काढली आणि त्यात 'वार == १' ही अटही जशीच्या तशी आली. जावास्क्रिप्टमध्ये १ म्हणजे सोमवार. पायथॉनच्या वीकडे() मध्ये १ म्हणजे मंगळवार. ना एरर, ना वॉर्निंग, रिपोर्ट तीन आठवडे निवांत मंगळवारी जात राहिला आणि कोणी एक अक्षर बोललं नाही, म्हणजे तो रिपोर्ट किती जण वाचत होते तेही त्या निमित्ताने कळलं.

तारखांचे बग असेच असतात, प्रोग्रॅम पडत नाही, उत्तर मिळतं आणि ते दिसायलाही बरोबर दिसतं. म्हणून फंक्शनांची नुसती यादी देत नाही, जिथे माणूस हमखास आपटतो तिथेच जरा जास्त थांबू. उदाहरणं मुख्यतः पायथॉनची आहेत, मधेमधे बाकीच्या भाषा येतील. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयत, एडिटरमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगनेच टाका. गंमत म्हणजे पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव खरोखर 'आज' असं देवनागरीत ठेवलं तरी चालतं. आकडे मात्र कोडमध्ये थेट देवनागरी लिहिले तर सिंटॅक्स एरर येते, पण तेच स्ट्रिंग म्हणून इंट('२०२५') ला दिले तर तो मुकाट्याने घेतो, युजर मराठी कीबोर्डवरून वर्ष टाइप करणार असेल तर हे कामाला येतं.

सुरुवात ही अशी:

फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेट, टाइमडेल्टा
आज = डेट.टुडे()
उद्या = आज + टाइमडेल्टा(डेज=१)
प्रिंट(आज.वीकडे())

डेट म्हणजे नुसता दिवस, वर्ष-महिना-तारीख, त्यात वेळ नाही. डेटटाइम म्हणजे दिवस अधिक वेळ. टाइमडेल्टा म्हणजे दोन तारखांमधलं किंवा दोन वेळांमधलं अंतर. ह्या तिघांत डेट आणि डेटटाइम यांची सरमिसळ सगळ्यात जास्त त्रास देते, कारण पायथॉनमध्ये डेटटाइम हा डेटचाच सबक्लास आहे, म्हणजे 'हा डेट आहे का' असं इझइन्स्टन्सने विचारलं तर डेटटाइमसुद्धा हो म्हणतो, पण दोघांची लहान-मोठं अशी तुलना करायला गेलात तर टाइपएरर, आणि == ने तुलना केलीत तर एरर पण नाही, सरळ फॉल्स. हे शेवटचं फार वाईट, कारण 'आजच्या नोंदी दाखवा' वाली स्क्रीन रिकामी येते आणि आपण डेटाबेसमध्ये काय बिघडलं ते शोधत बसतो. एक प्रश्न आधी स्वतःला विचारायचा, मला दिवस हवाय की क्षण हवाय? वाढदिवस, सुट्टी, बिलाची शेवटची तारीख हे दिवस आहेत, तिथे डेट वापरा आणि वेळ मधे येऊच देऊ नका. लॉगिन कधी झालं, पेमेंट कधी आलं हे क्षण आहेत, तिथे डेटटाइम आणि तोही टाइमझोनसकट.

आता वारांचे नंबर, ज्याच्यापायी माझा रिपोर्ट भरकटला. पायथॉनचं वीकडे() सोमवारला ० देतं आणि रविवारला ६. त्याच पायथॉनचं आयएसओवीकडे() सोमवारला १ आणि रविवारला ७. जावास्क्रिप्टचं गेटडे() रविवार ०, शनिवार ६, आणि सी मध्येही तसंच. जावाच्या जुन्या कॅलेंडर क्लासमध्ये रविवार १, नव्या डेऑफवीकमध्ये सोमवार १, एकाच भाषेत दोन तऱ्हा. मायएसक्यूएल ह्या डेटाबेसने तर कमालच केलीय, डेऑफवीक() ला रविवार १ आणि शेजारच्याच वीकडे() ला सोमवार ०. पोस्टग्रेस ह्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये डीओडब्ल्यू म्हटलं की रविवार ०, आयएसओडीओडब्ल्यू म्हटलं की सोमवार १ ते रविवार ७. एक्सेलचं वीकडे दुसरं आर्ग्युमेंट दिलं नाही तर रविवार १ धरतं.

हे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. मी आता एकच करतो, कुठूनही वार आला की प्रोग्रॅमच्या दारातच तो आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) नंबरमध्ये बदलून घेतो, सोमवार १ ते रविवार ७, आणि आत सगळीकडे तेच. आणि कोडमध्ये उघडा आकडा लिहित नाही, वर 'सोमवार = १' असा कॉन्स्टंट करून तुलनेत ते नाव वापरतो. त्या स्क्रिप्टमध्ये 'वार == १' च्या जागी 'वार == सोमवार' असतं तर उतरवताना निदान सोमवारची किंमत इथे काय असते हा प्रश्न तरी पडला असता.

वाराचं नाव मराठीत दाखवायचं असेल तर लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) सेट करण्याच्या वाटेला जाऊ नका, सर्व्हरवर ते लोकेल असेलच असं नाही आणि ते पूर्ण प्रोसेसला लागू होतं. साधी लिस्ट पुरते:

वार = ['सोमवार', 'मंगळवार', 'बुधवार', 'गुरुवार', 'शुक्रवार', 'शनिवार', 'रविवार']
प्रिंट(वार[आज.वीकडे()])

इथे वीकडे() शून्यापासून मोजतं म्हणून लिस्टशी थेट जुळतं, आयएसओवीकडे() घेतलंत तर एक वजा करायला विसरू नका, नाहीतर बाकी सहा दिवस पुढचा वार दिसेल आणि रविवारी इंडेक्सएरर येऊन पडेल. आणि टेस्ट करताना तुम्ही रविवारी काम करत नसता.

पुढचा सोमवार, तिसरा गुरुवार वगैरे

'येणारा सोमवार कधी' ह्याचं उत्तर सातने भागून उरलेल्या बाकीत आहे. हवा असलेला वार वजा आजचा वार, त्याला % ७, जे येईल तितके दिवस पुढे जायचं:

पुढे = (० - आज.वीकडे()) % ७
सोमवार = आज + टाइमडेल्टा(डेज=पुढे)

आज बुधवार असेल तर ० - २ म्हणजे -२, त्याची सातने बाकी ५, बुधवारपासून पाच दिवसांनी सोमवार, बरोबर. पण आजच सोमवार असेल तर उत्तर शून्य येतं, म्हणजे आजच. ते हवंय की नको हे कोडला कळत नाही, तुम्हालाच ठरवायचंय. आजचा धरायचा नसेल तर '(० - आज.वीकडे()) % ७ ऑर ७' लिहा, शून्य आलं की सात घेतं. मी तर अशा फंक्शनच्या नावातच 'आज धरून' किंवा 'आज सोडून' घालतो, कारण सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही आपण काय ठरवलं होतं.

महिन्यातला तिसरा गुरुवार पण ह्याच धर्तीवर. एक तारखेचा वार काढा, तिथून पहिला गुरुवार किती दिवस लांब आहे ते बाकीने काढा, मग दोन आठवडे पुढे. नोव्हेंबर २०२५ घेऊन हाताने करून बघा. १ तारीख शनिवार, म्हणजे वीकडे ५. गुरुवार ३. ३ - ५ म्हणजे -२, सातने बाकी ५. १ + ५ = ६, म्हणजे पहिला गुरुवार ६ तारखेला. अधिक १४, तिसरा गुरुवार २० तारखेला. जुळलं.

आता हेच जावास्क्रिप्ट, सी किंवा जावामध्ये लिहा. तिथे -२ % ७ ची बाकी ५ येत नाही, -२ च येते, कारण त्या भाषांमध्ये बाकीला भाज्याचं चिन्ह मिळतं, पायथॉनमध्ये भाजकाचं. मग १ - २ + १४ = १३. १३ नोव्हेंबर. तीही गुरुवारच! फक्त तिसरा नाही, दुसरा. वार बरोबर म्हणून बघणाऱ्याला शंका येत नाही, आणि ज्या महिन्यात १ तारीख सोमवार ते गुरुवारमध्ये पडते त्या महिन्यात तर उत्तर बरोबरच येतं, त्यामुळे हा बग काही महिने झोपून असतो. उपाय सोपा आहे, ((क % ७) + ७) % ७. पायथॉनमध्ये गरज नाही, पण बाकी भाषांमध्ये वाराची वजाबाकी दिसली की हे मी डोळे झाकून लिहितो.

महिने मिळवणं

टाइमडेल्टामध्ये दिवस आहेत, आठवडे आहेत, महिने नाहीत, आणि ते मुद्दाम नाहीत. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की काय? ३१ फेब्रुवारी नावाचा दिवसच नाही. आज.रिप्लेस(मंथ=२) केलं तर पायथॉन व्हॅल्यूएरर देऊन हात वर करतो, जे मला प्रामाणिक वाटतं. जावास्क्रिप्ट मात्र उरलेले दिवस पुढे ढकलतं, २०२५ च्या ३१ जानेवारीला सेटमंथ(१) केलं की ३ मार्च मिळते. जावाचं लोकलडेट आणि पायथॉनच्या डेटयुटिल लायब्ररीतलं रिलेटिव्हडेल्टा महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबतात, म्हणजे २८ फेब्रुवारी. (हो, जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून, जानेवारी ०, तारखा मात्र एकपासून. ही सी मधून आलेली खोड आहे.)

बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसावर थांबणंच हवं असतं, पण त्यातही एक खड्डा आहे. दर महिन्याचा हप्ता ३१ जानेवारीला सुरू झाला आणि तुम्ही लूपमध्ये मागच्या तारखेत एक-एक महिना मिळवत गेलात तर काय होतं बघा: ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, २८ मार्च, २८ एप्रिल. फेब्रुवारीत एकदा आखूड झालेली तारीख परत कधीच ३१ ला जात नाही. म्हणून मागच्या तारखेत नाही, कायम मूळ तारखेत मिळवा, मूळ अधिक एक महिना, मूळ अधिक दोन महिने, असं. मग ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल अशी सरळ मालिका येते.

महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर कॅलेंडर मॉड्यूलचं मंथरेंज(वर्ष, महिना), ते दोन गोष्टी देतं, १ तारखेचा वार आणि महिन्यात दिवस किती. किंवा पुढच्या महिन्याची १ तारीख घ्या आणि एक दिवस वजा करा, ही युक्ती कुठल्याही भाषेत चालते आणि लीप वर्षाचा विचारच करावा लागत नाही. तरी कधी स्वतः लिहायची वेळ आलीच तर, चारने भाग जातो ते लीप, पण शंभरने जात असेल तर नाही, पण चारशेने जात असेल तर परत हो. २००० लीप होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल. एक्सेल मात्र आजही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख खरी मानतं, लोटस १-२-३ ह्या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि त्याच्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. त्यामुळे एक्सेलचे तारखेचे नंबर कोडमध्ये बदलून घेताना १ मार्च १९०० च्या आधीचं काही असेल तर एका दिवसाचा फरक पडतो.

वय काढताना दिवस भागिले ३६५.२५ असलं काही करू नका, वाढदिवसाच्या आसपास हमखास चुकतं. वर्षांची वजाबाकी करा आणि ह्या वर्षीचा वाढदिवस अजून आला नसेल तर एक कमी करा, पायथॉनमध्ये (महिना, तारीख) अशा दोन जोड्यांची सरळ < ने तुलना होते, एका ओळीचं काम आहे. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचं वय ह्या पद्धतीत साध्या वर्षी १ मार्चला वाढतं. २८ ला वाढायला हवं असेल तर ते नियमात आधी स्पष्ट लिहून घ्या.

दिवस म्हणजे २४ तास नव्हे

दोन डेटची वजाबाकी केली की .डेज मध्ये दिवस मिळतात. २५ फेब्रुवारी ते १ मार्च २०२५ हे ४ दिवस येतील, दोन्ही टोकं धरून हवे असतील तर एक मिळवा, रजा मोजताना हे कायम विसरलं जातं. टाइमडेल्टामधले तास हवेत तर .सेकंड्स घेऊ नका, टोटल_सेकंड्स() घ्या, कारण .सेकंड्स म्हणजे पूर्ण दिवस बाजूला काढल्यावर उरलेले सेकंद. उणे एक सेकंदाचा टाइमडेल्टा आत -१ दिवस आणि ८६३९९ सेकंद असा साठवलेला असतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला पायथॉनच बिघडलाय असं वाटलं होतं.

जावास्क्रिप्टमध्ये लोक दोन तारखांचे मिलिसेकंद वजा करून ८६४००००० ने भागतात. जिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो, मग भागाकार पूर्णांकाच्या जरा खाली येतो आणि फ्लोअर केलं, म्हणजे खालच्या पूर्णांकावर आणलं, की एक दिवस गायब. दोन्ही तारखा युटीसी (सगळ्या जगासाठी धरलेली एकच प्रमाणवेळ) मध्यरात्रीच्या करून मग वजा करा, प्रश्न मिटतो. अजून एक, न्यू डेट('२०२५-०३-१०') असं नुसत्या तारखेचं स्ट्रिंग दिलं की जावास्क्रिप्ट ती युटीसी मध्यरात्र धरतं, त्यामुळे युटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये स्क्रीनवर ९ तारीख दिसते. उलट युटीसीच्या पुढे असलेल्यांना लोकल मध्यरात्र टुआयएसओस्ट्रिंग() ने छापली की आदल्या दिवसाची तारीख मिळते. 'तारीख एक दिवस मागे सेव्ह होतेय' ही तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो.

पायथॉनमध्ये टाइमझोनसाठी ३.९ पासून झोनइन्फो आहे, बाहेरची लायब्ररी सहसा लागत नाही, विंडोजवर मात्र टीझेडडेटा पॅकेज टाकावं लागतं. युटीसीनाऊ() वापरू नका, ३.१२ पासून ते डेप्रिकेटेड आहे, म्हणजे पुढे वापरू नका असं जाहीर केलंय, ते जे डेटटाइम देतं त्यावर टाइमझोनचा शिक्काच नसतो. त्याऐवजी नाऊ() ला युटीसी टाइमझोन द्या. आणि एका टाइमझोनमध्ये पूर्ण दिवसच नसेल असंही झालंय, सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली तेव्हा २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट ३१ डिसेंबरचा शनिवार आला.

स्ट्रिंगमधून तारीख

०३/०४/२०२५ हे ३ एप्रिल की ४ मार्च हे स्ट्रिंगकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, म्हणून फॉरमॅट ओळखणाऱ्या हुशार लायब्ररीवर विसंबू नका, स्ट्रपटाइमला (स्ट्रिंगमधून तारीख बनवणारं फंक्शन) फॉरमॅट स्वतः द्या. साठवताना आणि पाठवताना वर्ष-महिना-तारीख, म्हणजे २०२५-०४-०३, ह्याचा एक फुकटचा फायदा म्हणजे साधं अक्षरानुसार सॉर्ट केलं तरी तारखा क्रमाने लागतात. फॉरमॅटमध्ये टक्क्यापुढे स्मॉल एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. १५/०९/२०२५ वाचताना चुकून कॅपिटल एम पडला तर एरर येत नाही, १५ जानेवारी २०२५, रात्री बारा वाजून नऊ मिनिटं अशी वेळ मिळते. सगळ्या नोंदी जानेवारीत जमा झालेल्या दिसल्या तर दुसरं काही तपासू नका.

आठवड्याचा नंबर छापायचा असेल तर आयएसओ८६०१ चा नियम लक्षात ठेवा, आठवडा सोमवारी सुरू, आणि ज्यात ४ जानेवारी येते तो पहिला आठवडा. त्यामुळे ३१ डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जातो, आणि १ जानेवारी २०२१ हा २०२० च्या त्रेपन्नाव्यात. आयएसओकॅलेंडर() हे बरोबर देतं, वर्षसुद्धा त्यातूनच घ्या. जावामध्ये वर्षासाठी स्मॉल वाय ऐवजी कॅपिटल वाय चार वेळा लिहिला की ते आठवड्याचं वर्ष होतं, मग ३१ डिसेंबर २०२४ हे ३१-१२-२०२५ असं छापलं जातं. वर्षभर बरोबर चालणारं कोड फक्त डिसेंबरच्या शेवटच्या काही दिवसांत चुकतं, नेमकं सगळे सुट्टीवर असताना.

लायब्ररीशिवाय वार

कधी मायक्रोकंट्रोलरवर काम असतं, किंवा मुलाखतीत विचारतात. साकामोतोची पद्धत मला सगळ्यात आवडते. महिन्यांची एक लिस्ट: ०, ३, २, ५, ०, ३, ५, १, ४, ६, २, ४. महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर वर्षातून एक वजा करा. मग वर्ष + वर्ष/४ - वर्ष/१०० + वर्ष/४०० + लिस्टमधला आकडा + तारीख, सगळे भागाकार पूर्णांकी, आणि शेवटी सातने बाकी. ० म्हणजे रविवार. २० नोव्हेंबर २०२५ करू: २०२५ + ५०६ - २० + ५ + २ + २० = २५३८, सातने बाकी ४, गुरुवार. मघाशी आलेलं तेच.

का चालतं तर, ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून दर वर्षी वार एकाने सरकतो, लीप वर्षी दोनाने, आणि वर्ष/४ - वर्ष/१०० + वर्ष/४०० हा भाग नेमके तेच जादा दिवस मोजतो. जानेवारी-फेब्रुवारी आदल्या वर्षात ढकलल्याने २९ फेब्रुवारी वर्षाच्या टोकाला जाते आणि मधल्या महिन्यांना धक्का लागत नाही. ४०० वर्षांत १४६०९७ दिवस, आणि त्याला सातने पूर्ण भाग जातो, म्हणून कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारासकट तसंच्या तसं परत येतं. तुमचं फंक्शन तपासायचं असेल तर सलग ४०० वर्षांतला प्रत्येक दिवस पायथॉनच्या वीकडे() शी ताडून बघा, दीड लाखाच्या आत दिवस आहेत, चहा होईपर्यंत पण लागत नाही. हाताने तपासायला १ जानेवारी १९७० गुरुवार, १ जानेवारी २००० शनिवार, २९ फेब्रुवारी २०२४ गुरुवार.

फार जुन्या तारखांवर मात्र हे उत्तर इतिहासाशी जुळेलच असं नाही. पायथॉन आजचाच ग्रेगोरियन नियम मागे वर्ष १ पर्यंत ओढत नेतो. प्रत्यक्षात हे कॅलेंडर १५८२ मध्ये सुरू झालं, ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबरचा शुक्रवार, आणि ब्रिटनने तर ते १७५२ मध्ये घेतलं. लिनक्सच्या टर्मिनलवर 'कॅल ९ १७५२' टाकून बघा, पहिल्या ओळीत मंगळवारखाली १, बुधवारखाली २ आणि गुरुवारखाली थेट १४. पायथॉनला २ सप्टेंबर १७५२ चा वार विचारलात तर तो शनिवार सांगतो.